बेल्ट-डिस्क सँडर घरी घेताय? बसवण्यापासून रोजच्या वापरापर्यंत सगळं

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. टेबलावर पक्का बसवायचा बेल्ट-डिस्क सँडर, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर आणि चकतीवर पॉलिश पेपर असलेलं मशीन, घेतलं की पॉलिश पेपर घासायचं काम संपलं असं बऱ्याच जणांना वाटतं आणि मग मशीन आल्यावर त्यांची निराशा होते. हे मशीन तुकडा रेघेपर्यंत आणण्यासाठी आहे. करवतीने किंवा जिगसॉने रेघेच्या बाहेर दीड-दोन एमएम ठेवून कापायचं आणि ते उरलेलं लाकूड सरळ, काटकोनात, बरोब्बर रेघेवर आणून सोडायचं, हे त्याचं खरं काम, आणि या कामात घरच्या बजेटमध्ये याच्या तोडीचं दुसरं काही नाही. शेवटची सफाई त्यानंतरही हातानेच करावी लागते. हे डोक्यात पक्कं असेल तर मशीन कसं निवडायचं, कसं सेट करायचं, कुठला ग्रिट म्हणजे पेपरचा किती जाड-बारीक दाणा लावायचा, सगळ्याची उत्तरं आपोआप मिळत जातात.

फळी सपाट करायला हे मशीन नाही, हेही आत्ताच सांगतो. १०० एमएम रुंद बेल्टवर २०० एमएम रुंदीची फळी फिरवून सपाट करायला गेलात तर खड्डे पडणार. त्यासाठी रंधा किंवा प्लेनर.

कोणतं घ्यायचं

घरासाठी जो कॉम्बो सहज मिळतो तो म्हणजे १०० एमएम रुंद आणि ९१४ एमएम लांबीचा बेल्ट, ज्याला दुकानात चार बाय छत्तीस म्हणतात, आणि बाजूला १५० एमएमची डिस्क. मोटर साधारण ३७५ वॅट म्हणजे अर्धा एचपी. चौरंग, पाट, पोळपाट, खेळणी, फोटो फ्रेम, छोटी स्टुलं, एवढ्या कामाला हा पुरतो. जागा असेल आणि दाराच्या चौकटीसारखी मोठी कामं करत असाल तर १५० बाय १२२० चा बेल्ट आणि २२५ किंवा २५० एमएमची डिस्क असलेलं मोठं मशीन बघा, पण ते उचलायला दोन माणसं लागतात आणि फ्लॅटच्या बाल्कनीत ते ठेवूच नये. २५ एमएम रुंद बेल्टवाली छोटी मशीन सुऱ्या, पटाशा, धातूची छोटी कामं यांना छान, लाकडाच्या कामाला मात्र अपुरी.

दुकानात गेलात तर हे तपासा. डिस्कच्या टेबलावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि खालून उजेड दिसतो का बघा. टेबल बिडाचं किंवा जाड कास्ट अल्युमिनियमचं हवं, पत्र्याचं टेबल दाबलं की वाकतं आणि मग काटकोनाचं विसरा. प्लग काढलेला असताना डिस्कजवळ पेन्सिलचं टोक धरून डिस्क हाताने फिरवा, टोक आणि डिस्कमधली फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. टेबल वाकवून घट्ट करा आणि मग हाताने दाब देऊन बघा, हललं तर ते मशीन सोडा. माइटर गेज, म्हणजे टेबलाच्या खाचेत सरकणारी, तुकडा कोनात धरायची पट्टी, खाचेत खुळखुळत असेल तर फार मनावर घेऊ नका, पट्टीला बाजूने पातळ टेप लावून ते बसवता येतं. सगळ्यात महत्त्वाचं, त्या मापाचे बेल्ट आणि डिस्क तुमच्या गावात मिळतात का हे मशीन घेण्याआधी विचारा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जवळपास सगळी मापं मिळतात, बाकी शहरांत एमआयडीसीच्या आसपास अब्रेसिव्ह विकणारे असतात आणि त्यातले काही जण रोलमधून कापून हव्या त्या लांबीचा बेल्ट जोडूनही देतात, एकदा अशा माणसाशी ओळख झाली की खूप सोय होते.

परदेशी व्हिडिओ बघून वेग ठरवणाऱ्यांसाठी एक गोष्ट: अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, आपल्याकडे ५० ची, त्यामुळे तिथे ज्या जातीची मोटर ३४५० आरपीएमने फिरते तीच इथे साधारण २८५० ने फिरते. याने काही बिघडत नाही, उलट लाकूड थोडं कमी जळतं. १५० एमएमची डिस्क २८५० ने फिरत असेल तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर होतो, मध्याकडे येताना तो कमी होत जातो आणि बरोब्बर मध्यबिंदूवर शून्य. म्हणून डिस्कच्या मधोमध तुकडा दाबून काही होत नाही, नुसता घासटत राहतो, आणि अगदी कडेला दाबला तर लगेच करपतो. कडेपासून थोडं आत, ही कामाची जागा.

कुठे ठेवायचं आणि वीज

पार्किंग, गच्चीवरची शेड, गावाकडे पडवी, कुठेही चालेल, फक्त पावसाची झड येता कामा नये. मशीन १८ एमएम प्लायच्या पाटावर बोल्टने बसवा, खाली रबराचे तुकडे, आणि तो पाट वर्कबेंचला क्लॅम्प करा. टेबलाची उंची आपल्या कोपराच्या थोडी खाली येईल अशी. उंच झालं तर खांदे भरून येतात, आणि खाली गेलं तर माणूस वाकून तोंड थेट धुळीत घालतो.

मशीन स्वतः चालताना दोन-तीन अँपिअरच घेतं पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट खेचतं, आणि सोबत व्हॅक्युम लावलात की दोघांचं मिळून ६ अँपिअरच्या साध्या पॉइंटला झेपत नाही. १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ किंवा ४ स्क्वेअर एमएमची वायर, नीट अर्थिंग, आणि लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), हे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेंशन बोर्ड वापरलं तर मोटरला व्होल्टेज कमी मिळतं, ती तापते आणि लवकर जाते.

आपल्याकडे लाइट जाते, त्यामुळे स्विचकडे विशेष लक्ष द्या. लाइट गेली की आपण मशीन बंद करायला विसरतो, बाहेर जाऊन चहा घेतो, आणि लाइट आली की मशीन एकटंच सुरू होतं. घरात लहान मुलं असतील तर हे किती धोक्याचं आहे ते सांगायला नको. म्हणून हिरवं-लाल बटण असलेला नो-व्होल्ट स्विच हवा, ज्यात लाइट गेली की स्विच पडतो आणि लाइट आल्यावर हिरवं बटण परत दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. मशीनवर नसेल तर वेगळा मिळतो, बसवून घ्या, यात काटकसर करू नका.

आता सेटिंग, इथे वेळ घाला

प्लग काढा. पूर्ण सेटिंग प्लग काढूनच करायचं.

बेल्ट चढवायचा तर आधी ताण देणारी लिव्हर सैल करा. नव्या बेल्टच्या आत बाण असतो, तो रोलर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेला यायला हवा. जुन्या पद्धतीचा एकावर एक चढवलेला जोड उलटा लागला तर तो जोड तुकड्याला अडून उचकटतो आणि बेल्ट फाटतो. मागून टेप लावलेला समोरासमोरचा जोड असेल तर दोन्हीकडे चालतो, आणि हल्ली बहुतेक तेच येतात, तरी बाण बघायची सवय ठेवा. लिव्हर घट्ट करा, मग हाताने बेल्ट फिरवून बघा. तो एका बाजूला सरकत असेल तर ट्रॅकिंगचा नॉब पाव फेरा फिरवा, परत हाताने फिरवा. जागेवर राहतोय असं वाटलं की प्लग लावून मशीन एक सेकंद चालू करून लगेच बंद करा आणि बघा, असं दोन-चार वेळा केल्यावरच पूर्ण चालू सोडा. सरळ चालू करून नॉब फिरवत बसलात तर बेल्टची कड केसिंगला घासून चिंध्या होतात. आणि ट्रॅकिंग काही केल्या जमत नसेल तर नॉबला दोष देण्याआधी रोलर बघा, त्यावर पुडीचा थर घट्ट बसलेला असतो, तो लाकडी पट्टीने खरवडून काढला की बेल्ट गुमान मध्ये राहतो.

डिस्कचा पेपर मागून चिकटणारा असतो किंवा वेल्क्रोचा. काटकोनाचं काम करायचं असेल तर चिकटणाराच लावा, वेल्क्रोच्या मऊ थरामुळे तुकड्याच्या कडा किंचित गोल होतात. जुना पेपर निघत नसेल तर हेअर ड्रायरने गरम करा, गोंद मऊ होतो आणि पेपर एका कडेने सोलून येतो. राहिलेला चिकटपणा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, प्लेट पूर्ण कोरडी होऊ द्या, मगच नवा लावा. एका कडेपासून सुरुवात करून हाताने दाबत जा, मध्ये हवेचा फुगा राहिला तर तिथला पेपर आधी फाटतो.

टेबल आणि डिस्कमधली फट दीड एमएमच्या आसपास ठेवा. जास्त ठेवली तर बारीक तुकडा त्या फटीत खाली ओढला जातो आणि त्याच्याबरोबर बोट जातं. बेल्टच्या शेवटी जो आडवा स्टॉप असतो त्याचीही फट तेवढीच, आणि तो स्टॉप लावल्याशिवाय आडव्या बेल्टवर काम करू नका, तुकडा समोर फेकला जातो.

काटकोन. गुण्या टेबलावर ठेवून डिस्कला लावा, उजेड दिसणार नाही असं टेबल आणा आणि नट घट्ट करा. घट्ट करताना टेबल हलतं, म्हणून घट्ट केल्यावर परत बघा. पण माझा गुण्यावर पूर्ण भरवसा नाही, खरी परीक्षा लाकडावर घ्यायची. साधारण ७० एमएम रुंद, ३० एमएम जाड अशी एक सरळ पट्टी घ्या, तिच्या एका रुंद बाजूवर पेन्सिलने दोन्ही टोकांकडे फुली करा आणि मधून कापून दोन तुकडे करा. दोघांची कापलेली टोकं डिस्कवर घासून घ्या, फुली दोन्ही वेळा वर. आता दोन्ही तुकडे एका सरळ कडेला टेकवून टोकाला टोक लावा, दोन्हींची फुली वरच ठेवून. टेबल बरोब्बर ९० अंशात असेल तर दोन्ही टोकं पूर्ण चिकटतील. अर्ध्या अंशाची चूक असेल तर वर किंवा खाली एक अंशाची फट दिसेल, म्हणजे चूक दुप्पट होऊन डोळ्यांना दिसते. फट गेली की टेबलाखालचा शून्याचा काटा त्या जागी आणा आणि ९० अंशाचा स्टॉप स्क्रू तिथेच लॉक करा. माइटर गेजसाठी पण हीच चाचणी, फक्त तुकडे गेजला टेकवून घासायचे आणि जोडताना एक तुकडा उलटा करायचा म्हणजे त्याची फुली खाली, इथे फट बाजूला दिसते. कोनाचा तक्ता म्हणून जो स्टिकर लावलेला असतो तो अंदाजासाठी, कामासाठी नाही.

ग्रिट कुठला

डिस्कवर पी८०, बेल्टवर पी१२०. हे लावून ठेवा, बहुतेक सगळं काम यातच होतं. खूप लाकूड काढायचं असेल तेव्हा पी६०. पी१८० किंवा त्याच्या पुढचं मशीनवर लावायचा मोह टाळा, बारीक दाणा पटकन भरतो, भरला की कापत नाही, कापत नाही म्हणून आपण दाबतो आणि लाकूड काळं पडतं. पी८० चा दाणा सरासरी २०० मायक्रॉनचा असतो, पी१२० चा १२५ चा, म्हणजे पी८० ने पडलेले ओरखडे हाताने पी१०० आणि पी१२० मारून काढावेच लागणार, आणि डिस्कचे ओरखडे कमानीसारखे वाकडे असल्यामुळे पॉलिश चढवल्यावर फार उठून दिसतात.

साहित्यात अल्युमिनियम ऑक्साइड लाकडाला उत्तम आणि स्वस्त. झिरकोनियाचा बेल्ट महाग पण सागवानावर जास्त टिकतो असा अनुभव आहे, सागात नैसर्गिकरीत्या सिलिका असते त्यामुळे तो धार लवकर खातो. पाइनच्या खोक्यांचं लाकूड चिकाने बेल्ट भरून टाकतं, त्यासाठी जुना बेल्ट राखून ठेवा. भरलेला बेल्ट फेकायची घाई करू नका. कच्च्या रबराची कांडी मिळते, ती चालत्या बेल्टवर हलकेच टेकवली की भरलेली पूड निघून येते आणि बेल्ट परत कापायला लागतो. दर थोड्या वेळाने हे केलं तर बेल्टचं आयुष्य कितीतरी वाढतं. बोथट झालेला बेल्ट मात्र कांडीने सुधारत नाही, तो बदलायचाच.

काम कसं करायचं

डिस्कसमोर उभं राहिलं की बहुतेक मशीनवर ती घड्याळाच्या उलट फिरते, म्हणजे डावी बाजू खाली जाते आणि उजवी वर येते. काम फक्त डाव्या अर्ध्या भागावर, जिथे डिस्क तुकड्याला टेबलावर दाबते. उजवीकडे गेलात तर तुकडा उचलून फेकते, पूड पण तोंडावर येते. आपल्या मशीनची दिशा बाण बघून खात्री करून घ्या.

मशीन पूर्ण वेगात आल्यावर तुकडा आधी टेबलावर नीट बसवा, मग पुढे न्या. हलका दाब, आणि सतत डावी-उजवीकडे हालचाल. मोटरचा आवाज खाली जायला लागला की दाब जास्त झाला समजा. जळण्याचा वास आला तर दाबू नका, मागे घ्या, पेपर भरलाय का बघा. आडव्या कापाच्या टोकाला, जिथे रेषे उभे दिसतात, लाकूड सगळ्यात पटकन जळतं, कारण तिथे कापायला वेळ लागतो आणि आपण थांबून राहतो. रेघेच्या जवळ येताना पेन्सिलची अर्धी रेघ शिल्लक राहील एवढ्यावर थांबायचं. यासाठी रेघ टोकदार पेन्सिलने किंवा मार्किंग नाइफने काढलेली हवी, सुताराच्या जाड पेन्सिलच्या रेघेचीच रुंदी एक एमएम होते.

बाहेरचा गोल डिस्कवर, आतला गोल बेल्टच्या टोकाच्या रोलरवर. बाहेरचा कोपरा गोल करताना हात एकदाही थांबवायचा नाही, थांबलात की तिथे चपटा भाग पडतो आणि तो बोटाला लगेच कळतो. लांब कड सरळ करायची असेल तर बेल्ट आडवा ठेवून, रेषे बेल्टच्या दिशेत ठेवून, पट्टीच्या मध्यावर जास्त लक्ष द्या, टोकं नेहमी आपोआप जास्त घासली जातात.

आता एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू, पोळपाट. २५० एमएम व्यासाचा, शिसवाचा किंवा आंब्याचा. डिस्कच्या टेबलावर १२ एमएम प्लायचा एक मोठा तुकडा क्लॅम्प करा, हे जोडटेबल. त्यात डिस्कला काटकोनात एक खाच पाडा, खाचेची रेघ डिस्कच्या डाव्या भागाच्या मधोमध भिडली पाहिजे. खाचेत घट्ट सरकणारी एक लाकडी पट्टी, आणि पट्टीवर वर टोक आलेला एक छोटा खिळा, डोकं छाटून कानशीने गोल केलेला. पोळपाटाच्या खालच्या बाजूला मध्यावर त्याच जाडीचं पाच एमएम खोल भोक पाडा, आरपार नको. जिगसॉने वर्तुळ रेघेच्या बाहेर दीड एमएम ठेवून कापून घ्या. तुकडा खिळ्यावर बसवा, मशीन चालू करा आणि पट्टी हळूहळू पुढे सरकवा, तुकडा डिस्कला जेमतेम लागला की पट्टीला क्लॅम्प लावा आणि तुकडा सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. डिस्क तुकड्याला ज्या बाजूला ओढत असेल त्याच्या उलट बाजूला फिरवायचं, नाहीतर तो हातातून भिरकन फिरतो. मग पट्टी अर्धा एमएम पुढे, परत फेरा. फेरा मारताना तुम्हाला जाणवेल की दोन जागी लाकूड मऊसूत कापलं जातंय आणि दोन जागी अडतंय, त्या अडणाऱ्या दोन जागा आडव्या रेष्याच्या, तिथे फिरवायचा वेग थोडा वाढवा म्हणजे करपणार नाही. खिळ्यापासून डिस्कपर्यंतचं अंतर १२५ झालं की शेवटचा फेरा पट्टी न हलवता मारायचा. वर्तुळ असं येतं की कंपासने काढलेल्यासारखं. एकदा क्लॅम्प लावलेला तसाच ठेवला तर पुढचे चार पोळपाट एका मापाचे निघतात.

चौरंगाचे पाय सारख्या लांबीचे करायला माइटर गेजला लांब लाकडी पट्टी स्क्रूने लावा, तिच्यावर मागच्या टोकाला एक ठोकळा क्लॅम्प करा, पायाचं मागचं टोक ठोकळ्याला टेकवून गेज डावीकडून डिस्कच्या मध्याकडे सरकवा. पाय आधी अर्धा-पाऊण एमएम लांब कापलेले हवेत. चारही पाय एकाच सेटिंगवर घासले की चौरंग डुगडुगत नाही.

छोटे तुकडे बोटात धरून घासू नका. बोटाच्या एका पेरापेक्षा छोटा तुकडा असेल तर तो मोठ्या पट्टीला दुहेरी टेपने चिकटवा, मग पट्टी धरा. हातमोजे अजिबात नाहीत, डिस्क मोज्याचं टोक पकडते आणि हात आत जातो. मनगटातले दोरे, कडं, गळ्यातली चेन, ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या, सगळं काढून किंवा बांधून मगच मशीनजवळ. पूजेचा दोरा काढायचा नसेल तर वर टेप गुंडाळा. चष्मा हवाच, नंबरचा नाही, बाजूने बंद असलेला.

प्लायवर सांभाळून. वरचा व्हीनिअर अर्धा एमएम किंवा त्याहून पातळ असतो, बेल्टवर प्लायची सपाट बाजू टेकवली की बघता बघता खालचा थर दिसतो. प्लायच्या कडा घासायला हरकत नाही.

धूळ, आणि याबद्दल मी हट्टी आहे

लाकडाची पूड म्हणजे नैसर्गिक आहे, काही होत नाही, असं म्हणणारे खूप भेटतात. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं फर्निचरचं गाव आहे, तिथल्या कान-नाक-घशाच्या सर्जन एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं की नाकाच्या आतल्या एका दुर्मिळ कॅन्सरचे पेशंट फर्निचर कामगारांमध्ये फार येतायत, आणि १९६८ मध्ये त्यावरचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ थेट पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये. युरोपात आता कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा हवेच्या एका घनमीटरला २ मिलीग्रॅम आहे. ते कामगार रोज, वर्षानुवर्षं त्या धुळीत होते, आपण रविवारी दोन तास, हे खरं. पण बंद खोलीत सँडर पाच मिनिटं चालवला तरी उन्हाच्या तिरिपेत काय तरंगतं ते बघा, आणि शिसव, साग यांच्या पुडीने अनेकांना अंगावर पुरळ, शिंका, दमा हे त्रास कॅन्सरची वाट न बघता होतातच.

मशीनसोबत येणारी कापडी पिशवी जाड पूड धरते आणि सगळ्यात घातक बारीक पूड आरपार हवेत सोडते. तिच्या जागी व्हॅक्युम जोडा. मशीनचं तोंड साधारण ६० एमएमच्या आसपास असतं, व्हॅक्युमचा पाइप ३२ किंवा ३८ चा, मध्ये अॅडॅप्टर लागतो, तो नसेल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा गरम करून रुंद करता येतो. व्हॅक्युमच्या आधी झाकणाच्या बादलीवर बसणारा सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून पूड वेगळी करणारं नरसाळं, लावला तर बहुतेक सगळी पूड बादलीत पडते आणि व्हॅक्युमचा फिल्टर भरत नाही. माझं मत विचाराल तर मशीनचं बजेट थोडं कमी करा पण सायक्लोन आणि चांगला फिल्टर घ्या. डिस्कच्या खाली टेबलाभोवती उघडी जागा असते तिथे पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा आडोसा केला की ओढ वाढते.

एवढं करूनही मास्क हवा. आयएस ९४७३ छापलेला एफएफपी२ किंवा एन९५, नाकावर नीट दाबून बसवलेला. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे उपयोगाचा नाही, दाढी असेल तर कडेने हवा शिरतेच. मशीन बंद केल्यावर लगेच मास्क काढू नका, बारीक पूड बराच वेळ तरंगत असते, पंधरा-वीस मिनिटं व्हॅक्युम आणि एक्झॉस्ट चालू राहू दे. झाडून काढू नका, ओढून घ्या.

जुन्या वाड्याचं सागवान घेणाऱ्यांना दोन गोष्टी. त्यावर जुना ऑइल पेंट असेल तर तो मशीनवर घासू नका, त्यात शिसं असण्याची दाट शक्यता आहे, घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या खाली ठेवायचा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला. केमिकल रिमूव्हरने रंग काढा, मग लाकूड वापरा. आणि चुंबक फिरवून आतले खिळे शोधा. बेल्टला खिळा लागला की बेल्ट फाटतो हे तर आहेच पण ठिणगी उडून व्हॅक्युममधल्या पुडीत जाते, तिथे ती आतल्या आत धुमसत राहते आणि तासाभराने पेट घेऊ शकते. म्हणूनच याच मशीनवर पटाशीची धार किंवा लोखंडी पट्टी घासायची असेल तर आधी पूर्ण पूड काढा, व्हॅक्युम बंद करून पाइप काढा, नंतर ठिणग्यांची राख पुसून मगच परत लाकूड. पुडीची बादली रात्रभर घरात ठेवू नका, बाहेर रिकामी करा.

पॅकिंगच्या खोक्याचं किंवा पॅलेटचं लाकूड असेल तर शिक्का बघा, एचटी म्हणजे गरम करून निर्जंतुक केलेलं, चालेल. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते सोडून द्या.

पावसाळा आणि देखभाल

पावसाळ्यात बेल्टचे जोड दमट हवेने कमजोर होतात, म्हणून बेल्ट भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवू नका, खिळ्यावर घडी पडते आणि तिथूनच तो तुटतो. जाड पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर टांगा, किंवा सैल वळसा करून झाकणाच्या डब्यात ठेवा. खूप दिवस पडून असलेला बेल्ट लावण्याआधी जोड दोन्ही हातांनी ताणून बघा. चिकट डिस्क सपाट ठेवा, त्यावर काहीतरी वजन, नाहीतर कडा वळतात आणि नीट चिकटत नाहीत. ओलं लाकूड बेल्ट भरून टाकतं, पावसात आणलेली फळी आत आडवी ठेवून वाळू द्या.

बिडाच्या टेबलावर जून उजाडला की गंज दिसायला लागतो. बारीक स्टील वूलने पुसा आणि फर्निचर पॉलिशचं मेण किंवा साधं पॅराफिन चोळा. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही.

बेल्टच्या खालच्या स्टीलच्या पाटावर ग्रॅफाइटचं कापड असेल तर ते झिजलंय का अधूनमधून बघा, ते गेलं की बेल्ट जास्त तापतो. पाटाला मधून खळगा पडला असेल तर बेल्टवर केलेली कोणतीच कड सरळ येणार नाही, स्टीलची पट्टी लावून तपासा. बेअरिंग बहुतेक सीलबंद असतात, तेल घालू नका, घरघर आवाज आला की बदला.

मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही असं झालं तर ताबडतोब बंद करा, तशीच चालू ठेवली तर वायंडिंग जळतं. बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, तो स्वस्तात बदलून होतो, पण प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, त्यामुळे सवय नसेल तर हे काम मोटर रिवाइंडिंगवाल्याकडेच द्या.